बैठक आणि खुर्ची

आमच्या एका स्नेह्यांच्या चिरंजीवांनीं नुकतेंच नवें बिऱ्हाड थाटलें. खोल्या दोनच, परंतु पुढची खोली नीट लागावी, अशी त्या उभयतांची मोठी हौस. एके दिवशीं सायंकाळीं आम्हांस मुद्दाम बोलावून त्यांनीं सल्ला विचारला. खुर्च्या काळ्या शिसवी घ्याव्यात कीं फिकट रंगाच्या, गालिचा तांबडा शोभेल कीं निळा, भिंतीवर काय असावें आणि कोपऱ्यांत काय ठेवावें, असे एकामागून एक प्रश्न निघाले. आम्ही ह्या विद्येंतले जाणते नव्हों. तरी सुचले ते चार शब्द बोललों. इतक्यांत त्या घरच्या आजीबाई आंतून आल्या, त्यांनीं खोलीवरून एकवार नजर फिरविली आणि म्हणाल्या, "सगळें छान आहे हो, पण माणसानें बसायचें कुठें?" खोलींत बसावयास सात जागा होत्या. तरीहि आजीबाईंचा प्रश्न खोटा नव्हता. त्यांना मांडी घालून, भिंतीला पाठ टेकून बसावयास एकहि जागा उरलेली नव्हती.

घरीं परत येतांना तो प्रश्न आमच्या मनांत घोळत राहिला. खोली सजविणें म्हणजे चार शोभिवंत वस्तू आणून मांडणें, अशी आपली सामान्यतः समजूत असते. परंतु गेल्या दोन-अडीचशें वर्षांत मराठी घरांतील पुढची खोली कसकशी बदलत गेली, हें पाहूं लागलों म्हणजे असें दिसून येतें कीं, त्या खोलींतील प्रत्येक फेरफार शेवटीं दोन गोष्टींपाशीं येऊन थांबतो: माणूस किती उंचीवर बसतो, आणि त्या खोलींत कोणास बसूं दिलें जातें. रंग आणि नक्षी यांचा विचार ह्या दोन गोष्टींच्या मागून येतो.

प्रथम पेशवाईंतील वाड्याचा दिवाणखाना डोळ्यांपुढें आणावा. शनिवारवाड्याचें वैभव १८२८ च्या आगींत नष्ट झालें. परंतु दुसऱ्या बाजीरावानें बांधविलेला पुण्याचा विश्रामबागवाडा आणि वाईजवळील मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा हे दोन्ही अद्यापि उभे आहेत, आणि जुन्या दिवाणखान्याची घडण त्यांवरून चांगली ध्यानांत येते. अशा वाड्याचा विस्तार खणांनीं मोजीत. खण म्हणजे दोन खांबांमधील अंतर. आणि तें अंतर वर घालावयाच्या तुळईच्या लांबीवर अवलंबून असे. सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब, त्यांच्या माथ्याशीं केळफुलांची नक्षी, खांबाखांबांमध्यें लांकडी महिरपी, आणि भिंतींत कोनाडे. दिवाणखान्याची कायमची शोभा ती एवढीच. बाकी सारी खोली रिकामी.

ही रिकामी खोली पाहून पुष्कळदां लोकांस वाटतें कीं, तेथील सामान मागाहून कोणीं उचलून नेलें असावें. तसें नाहीं. त्या खोलीचें सामान कापडाचें होतें आणि तें गुंडाळून ठेवतां येत असे. आधीं जाजम किंवा सतरंजी, त्यावर ऐपतीप्रमाणें गालिचा, भिंतीच्या कडेनें गाद्या, त्यांवर पांढऱ्या स्वच्छ चादरी, पाठीशीं लोड आणि कोपरांखालीं तक्के. जवळ पानदान, पिकदाणी, अत्तरदाणी व गुलाबदाणी. रात्रीं समया, आणि सरदारांकडे वर छताला हंड्या-झुंबरें. सकाळीं जेथें कारकून मांडीवर कागद घेऊन हिशेब लिहीत, तेथेंच सायंकाळीं कीर्तन होई आणि लग्नकार्यांत तेथेंच पाहुणे निजत. बिछाईत बदलली कीं खोली बदलली. एकाच जागेकडून इतकीं निरनिराळीं कामें करून घेण्याची ही युक्ति आपल्या पूर्वजांस चांगली साधलेली होती.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. जमिनीवर बसलेल्या माणसाचा डोळा भुईपासून सुमारें अडीच फुटांवर असतो. तोच माणूस खुर्चीवर बसला म्हणजे त्याचा डोळा चार फुटांवर जातो. जुन्या वाड्याची सारी रचना त्या अडीच फुटांच्या डोळ्यासाठीं केलेली होती. खिडकीचा उंबरठा जवळजवळ भुईला टेकलेला आणि पुढें बुटका कठडा, म्हणजे बसल्या जागेवरून खालचा रस्ता दिसावा. कोनाडे बसणाऱ्याच्या हाताशीं. समईची ज्योत बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर. गालिचा तर पायांखालचा नव्हेच. तो बसावयाचा, हातानें चांचपावयाचा, जवळून पाहावयाचा. म्हणून त्याच्या किनारीच्या बारीक वेलबुट्टीस अर्थ असे. अशा खोलींत खुर्ची आणून ठेविली म्हणजे खिडकी पायांशीं जाते, कोनाडा गुडघ्याशीं येतो आणि गालिच्याची नक्षी दूर राहते. एका वस्तूनें सगळ्या खोलीचा मेळ बिघडतो, आणि दोष मात्र आपण गालिच्याच्या रंगास देतों.

परंतु ह्या समान पातळीवरच्या बैठकींत सर्व माणसें समान होतीं, असें मात्र कोणीं समजूं नये. गादीपासून कोण किती अंतरावर, कोण उजव्या हातास, कोणास लोड मिळावयाचा आणि कोणास नुसती सतरंजी, कोणीं बिछाइतीच्या कडेला उभें राहावयाचें आणि कोणीं देवडीच्या आंत पाऊलच घालावयाचें नाहीं, ह्याचा क्रम कडेकोट होता. लंडनच्या टेट संग्रहालयांत थॉमस डॅनिअल ह्या चित्रकाराचें १८०५ सालचें एक मोठें तैलचित्र आहे. टिपूविरुद्ध १७९० सालीं झालेल्या तहाच्या वेळचा सवाई माधवरावांचा दरबार त्यांत रंगविला आहे. डॅनिअलनें तो प्रसंग स्वतः पाहिलेला नव्हता. पुण्यास राहून गेलेल्या जेम्स वेल्स ह्या चित्रकाराच्या रेखाटनांवरून त्यानें तें चित्र सिद्ध केलें. मागें गणपतीची भव्य मूर्ति, खांबांच्या रांगा, आणि भुईवर बसलेले मुत्सद्दी व सरदार. त्यांतच इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट आणि त्याचे सोबती आपल्या तंग पोषाखांत, पाय कसेबसे दुमडून, बिछाइतीवर बसलेले आहेत. ज्याच्या घरीं जावें त्याच्या उंचीवर बसावें, हा नियम त्या दिवशीं इंग्रजांनीं पाळला; कारण त्या दिवशीं घरधनी पेशवा होता.

१८१८ नंतर घरधनी बदलला आणि त्याबरोबर बसण्याची उंचीहि बदलली. ह्याची साक्ष आपली भाषा देते. पूर्वीं राज्यावर येणें म्हणजे गादीवर बसणें होतें. आज आपण अधिकाराच्या लोभास खुर्चीचा मोह म्हणतों. घरांतल्या इतर वस्तूंचीं नांवेंहि अशींच बोलकीं आहेत. पाट, पलंग, चौरंग हे शब्द संस्कृताच्या कुळांतले. गालिचा, तक्क्या, पडदा, दिवाणखाना हे शब्द फारशीच्या वाटेनें आले. खुर्ची हा शब्द मूळचा अरबी. बांक आणि अलमारी हे शब्द पोर्तुगीजांनीं दिले, आणि टेबल इंग्रजांनीं. ज्या ज्या राज्यकर्त्याची सावली ह्या भूमीवर पडली, त्याचें कांहींना कांहीं आपल्या पुढच्या खोलींत राहून गेलें आहे.

गोमंतकांत ही घडामोड आपल्यापेक्षां फार आधीं झाली. तेथील जमीनदार ख्रिस्ती कुटुंबांच्या घरांतून 'साल' म्हणजे मोठा दिवाणखाना उंच पाठीच्या कोरीव खुर्च्यांनीं आणि झुंबरांनीं सजविण्याची चाल जुनी आहे. चांदोर येथील ब्रागांझा घराण्याचें घर पाहणाऱ्यास ती आजहि दिसते. तेथील सुतारानें नमुना युरोपचा घेतला. पण लांकूड, हात आणि नक्षी इथलीं राहिलीं. देशावर मात्र खुर्ची घरांतून आली नाहीं; ती कचेरींतून आली. प्रथम साहेबाच्या कचेरींत, मग शाळेंत, मग वकील-डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलींत, आणि सर्वांत शेवटीं घराच्या आंत, असा तिचा प्रवास आहे. ज्या घरांत पुढें चार खुर्च्या आणि मध्यें वाटोळें मेज आलें होतें, त्याच घरांत मागें स्वयंपाकघरापाशीं पाट-रांगोळीच्या पंक्ति कित्येक वर्षें तशाच चालत होत्या. सोंवळ्याला टेबल चालत नव्हतें. म्हणजे एकाच घरांत पुढें एक शतक आणि मागें दुसरें शतक नांदत होतें, आणि त्या दोहोंमधील उंबरठा ओलांडून दिवसांतून दहा वेळां जावें लागत होतें तें घरच्या स्त्रियांस.

खुर्ची एकटी कधींच येत नाहीं. ती आली म्हणजे पायांतले जोडे खोलींत येऊं लागतात. जोडे आले म्हणजे बिछाईत जाते. मांडीवर कागद ठेवून लिहिणें संपतें, म्हणून मेज लागतें. मेजावर आच्छादन लागतें. आच्छादन आलें कीं त्यावर फुलदाणी येते. डोळा वर गेला म्हणून भिंतीचा वरचा भाग ओका दिसूं लागतो, आणि तो भरून काढण्यासाठीं तसबिरी टांगाव्या लागतात. गुंडाळून ठेवतां येत नसल्यामुळें हें सारें सामान रात्रंदिवस तेथेंच राहतें, आणि एका खोलीला चार कामें करतां येईनाशीं होतात. म्हणून मग निजण्याची खोली निराळी, जेवणाची निराळी, आल्यागेल्याची निराळी, अशी घराची वांटणी होऊं लागते. एका खुर्चीमागून सगळें घर बदललें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हें नवें सामान पुरविणाऱ्यांत मुंबईच्या कारागिरांचें नांव मोठें होतें. शिसवी लांकडावर फुलें, पानें, पक्षी व पशु यांची दाट कोरणी केलेल्या त्यांच्या खुर्च्या, कोच आणि तिवया विलायतेपर्यंत जात. शिसवी लांकूड जड, काळें आणि चिवट. त्यावर बारीक कोरणी उतरते आणि ती टिकते. परंतु कारागिरास शाबासकी कोरणीची मिळे, बसण्याच्या सुखाची मिळत नसे. त्यामुळें पाठीशीं टोंचणाऱ्या द्राक्षवेली आणि हाताखालीं येणारीं सिंहाचीं तोंडें यांचा सुळसुळाट झाला. अशा एखाद्या जुन्या खुर्चीवर घटकाभर बसून पाहिलें म्हणजे ती बसण्यासाठीं केली नसून पाहुण्यानें पाहावी म्हणून केली आहे, हें पाठीला तेव्हांच कळतें.

भिंतीची गोष्ट ह्याहून गमतीची आहे. पूर्वीं सरदारांच्या वाड्यांत भिंतीवरच चित्रें काढीत; कांहीं ठिकाणीं कांचेच्या मागील बाजूनें रंगविलेलीं चिनी कारागिरांचीं चित्रेंहि येत. मध्यम स्थितीच्या घरांत भिंतीला खुंटी आणि कोनाडा ह्यांपलीकडे कांहीं नसे. १८७८ सालीं पुण्यास चित्रशाळा निघाली आणि १८९४ सालीं मुंबईस राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना सुरू झाला. तेव्हांपासून लक्ष्मी, सरस्वती, दमयंती आणि शिवाजीमहाराज रंगीत कागदावर उतरून चाळींतल्या खोलीपर्यंत पोंचले. देवघरांत बसणाऱ्या देवतांस कांचेची चौकट मिळाली आणि त्या बाहेरच्या खोलींत येऊन खिळ्यावर टांगल्या गेल्या. पूर्वीं देवासाठीं खाली वांकावें लागे. आतां मान वर करावी लागूं लागली. हा फरक लहान वाटतो, परंतु एका पिढीच्या डोळ्यांस त्यानें नवें वळण लावलें. शेजारीं घड्याळ, आरसा आणि घरांतल्या वडील माणसांचें छायाचित्र लागलें, आणि आपल्या आजोबांच्या वेळचा दिवाणखाना पुरा झाला.

आतां गालिच्याकडे वळूं. कारण आमच्या त्या तरुण मित्राची सगळी चिंता त्याच्या रंगाविषयीं होती. जुन्या गालिच्यांचे रंग वनस्पतींपासून व किड्यांपासून निघत: मंजिष्ठेचा तांबडा, निळीचा निळा, लाखेचा किरमिजी. हे रंग उन्हानें विटतात, पण एकमेकांच्या साथीनें विटतात. म्हणून जुना गालिचा फिका झाला तरी बेसूर होत नाहीं. १८५६ सालीं पर्किन नांवाच्या इंग्रज तरुणानें डांबरापासून पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला. १८६८ सालीं जर्मन रसायनज्ञांनीं मंजिष्ठेंतील रंगद्रव्य प्रयोगशाळेंत बनविलें. रंग स्वस्त झाले. परंतु आरंभीच्या कृत्रिम रंगांपैकीं कांहीं भडक असत, कांहीं लौकर उडत, आणि एकाच गालिच्यांत एक रंग टिके तर दुसरा नाहींसा होई. ह्याच काळांत सरकारनें तुरुंगांतून गालिचे विणविण्याचें काम चालविलें होतें. आमच्याकडे येरवड्याच्या तुरुंगांत गालिच्यांचे माग चालत. आग्ऱ्याच्या कैद्यांनीं तर विक्टोरिया राणीच्या १८८७ च्या ज्युबिलीनिमित्त विंडसरच्या राजवाड्यासाठीं सुमारें ८० फूट लांब आणि ४० फूट रुंद असा एकसंध गालिचा विणला. तो १८९४ सालीं तेथें पोंचला आणि अजून तेथें आहे. ज्यांना बसावयास दगडी फरशीपलीकडे कांहीं नव्हतें, त्यांच्या बोटांनीं राणीच्या पायांखालची ही मऊ फुलबाग तयार झाली. दिवाणखान्यांतल्या वस्तूंचे जन्म कोठें कोठें होतात, ह्याचा विचार करूं लागलें म्हणजे शोभेकडे पाहण्याची दृष्टि थोडी गंभीर होते.

मध्यम वर्गाच्या घरीं मात्र अशा गालिच्यांचें प्रस्थ कधींच फार नव्हतें. आपला खरा आधार सतरंजी. तिचें नांव शतरंजावरून, म्हणजे बुद्धिबळाच्या पटावरील चौकड्यांवरून, पडलें असें सांगतात. धारवाडकडील नवलगुंदची जमखाना आणि आमच्या सोलापूरची चादर हीं नांवें अजून ऐकूं येतात. सुताची असल्यामुळें ती धुतां येते, उन्हांत वाळवितां येते, खांद्यावर टाकून दुसऱ्याच्या घरीं कार्यास नेतां येते. धुळीच्या आणि घामाच्या ह्या देशांत धुतां येणें हा बिछाइतीचा पहिला गुण होय, मऊपणा दुसरा.

खुर्चीमेजाच्या ह्या नव्या खोलीबरोबर एक नवें पेयहि आलें, आणि त्यानें पुण्यांत केवढें वादळ उठविलें, हें सर्वश्रुत आहे. १८९० च्या ऑक्टोबरांत पंचहौद मिशनमध्यें एक व्याख्यान झालें आणि नंतर मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते, टिळक होते. पुढें उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झालीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें आणि प्रायश्चित्तांवरून वर्षें लोटलीं. वरवर पाहतां वाद चहाचा होता. परंतु चहापेक्षां ज्या खोलींत तो दिला गेला ती खोलीच लोकांस खुपली असावी, असें आम्हांस वाटतें. पंक्तीला रेषा असते. पाटापाटांमध्यें रांगोळी असते. कोण कोणाच्या शेजारीं बसावयाचा हें आधीं ठरलेलें असतें. मेजाभोंवतीं तशी रेषा ओढतां येत नाहीं. जो आला तो बसला, आणि समोर आला तो पेला उचलला. नव्या दिवाणखान्यानें जुन्या समाजापुढें टाकलेला पेंच तो हाच होता.

पुढचें पाऊल मुंबईनें टाकलें. १८९६ सालीं प्लेग आला, दाट वस्तीची भीति सर्वांस पटली आणि १८९८ सालीं शहरसुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या योजनांतून दादर-माटुंग्याकडे मोकळ्या वस्त्या उठल्या आणि मराठी मध्यम वर्ग चाळींतून ब्लॉकांत राहावयास गेला. ब्लॉकांत ओसरी नाहीं, पडवी नाहीं, माजघर नाहीं. ह्या एका गोष्टीनें जें घडलें तें पुष्कळ सुधारकांच्या व्याख्यानांनीं घडलें नव्हतें: माजघरच नसल्यामुळें घरांतल्या बायका पुढच्या खोलींत आल्या. ज्या बैठकीला पूर्वीं केवळ पुरुषांचा आवाज ठाऊक होता, तेथें हळदीकुंकू होऊं लागलें, सून पेटीवर गाणें शिकूं लागली, आणि नवराबायको एका कोचावर बसून आलेल्या पाहुण्याशीं बोलूं लागलीं. १९३७ च्या नोव्हेंबरांत वास्तुशिल्पज्ञांच्या हिंदी संस्थेनें मुंबईच्या टाऊन हॉलांत आदर्श घराचें प्रदर्शन भरविलें. त्या काळची नवी आवड म्हणजे साधे आंखीव आकार, कोरणीवांचून गुळगुळीत लांकूड आणि चकचकीत धातूच्या नळ्या. गोदरेजांचें पोलादी कपाट त्याच्याहि आधीं, १९२३ सालापासून, बाजारांत आलें होतें. तें पुढें लग्नांतल्या रुखवतापर्यंत पोंचलें. आजोबांच्या कोरीव सिंहांना रजा मिळाली, आणि खोली पुसावयास सोपी झाली.

इथपर्यंतची हकीकत सुखाची आहे. परंतु बसण्याचा इतिहास लिहितांना एका गोणपाटाचा उल्लेख टाळतां येत नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे कीं, लहानपणीं शाळेंत त्यांना बसावयास निराळा गोणपाटाचा तुकडा असे. शाळा झाडणारा नोकर त्यास शिवत नसे, म्हणून तो रोज सायंकाळीं घरीं न्यावा लागे आणि दुसऱ्या दिवशीं परत आणावा लागे. हा उल्लेख आम्ही पहिल्यानें वाचला तेव्हां आमच्या घरांतील जुनी सतरंजी आम्हांस निराळीच दिसूं लागली. जिच्यावर आमच्या वडिलांनीं विद्वानांच्या बैठकी भरविल्या, तिच्यावर कोणास बसूं दिलें नव्हतें, हा प्रश्न त्या सतरंजीच्या नक्षींत कोठेंच विणलेला नव्हता; पण तो तिच्याखालीं होता. पुढें त्याच मुलानें मोठेपणीं दादरच्या हिंदु कॉलनींत 'राजगृह' नांवाचें घर बांधलें, तें मुख्यतः आपल्या हजारों ग्रंथांच्या सोयीसाठीं. गोणपाट काखेंत घेऊन जाणाऱ्या मुलानें पुढें स्वतःच्या घरांत पहिली जागा पुस्तकांस दिली. एखादी खोली कशानें भरून दिसते, ह्याचें ह्याहून बोलकें उदाहरण आमच्या माहितींत नाहीं.

असो. आमच्या तरुण मित्रानें विचारलें होतें गालिच्याच्या रंगाविषयीं, आणि आम्ही त्यास सांगत बसलों अडीचशें वर्षांचा इतिहास! तरीहि ह्या इतिहासांतून त्यास उपयोगी पडतील अशा चार गोष्टी निघतात, त्या सांगतों.

पहिली ही कीं, रंगाच्या आधीं उंची ठरवावी. खोलींत एकच एक उंची राखली पाहिजे असें नाहीं. परंतु जी मुख्य उंची असेल तिच्याशीं खिडकी, दिवा आणि तसबीर यांनीं मेळ राखावा. खुर्चीवर बसणाऱ्याच्या डोळ्यासमोर येईल अशी तसबीर लावावी. छताच्या कडेला टांगलेली तसबीर कोणीच पाहत नाहीं. दुसरी ही कीं, बिछाईत लहान घेऊं नये. खोलीच्या मधोमध पडलेला इवलासा गालिचा बेटासारखा दिसतो आणि खुर्च्या त्याच्या किनाऱ्यावर वाहून आल्यासारख्या. जुन्या बैठकींत सर्व मंडळी एकाच बिछाइतीवर असत, म्हणून ती मंडळी एक वाटे. आजहि निदान सर्व खुर्च्यांचे पुढचे पाय एका गालिच्यावर आले तर तीच किमया साधते. तिसरी ही कीं, भडकपणाचा मान एकाच वस्तूस द्यावा. कोच कोरीव असेल तर गालिचा साधा असावा. गालिचा वेलबुट्टीचा असेल तर भिंत पांढरी राहूं द्यावी. वाड्याच्या खांबांची कोरणी शोभून दिसे, कारण तिच्याखालीं पांढरी चादर असे. आणि चौथी ही कीं, कांहीं जागा रिकामी सोडावी. रिकामी जागा म्हणजे उणीव, ही समजूत विकणाऱ्याच्या सोयीची आहे. आपल्या पूर्वजांनीं सबंध दिवाणखाना रिकामा ठेवून त्यांत सगळा संसार केला.

जुन्या वस्तूंविषयींहि एक शब्द. हल्लीं जुनी हंडी, मोडका झोपाळा किंवा काळवंडलेली समई घेऊन ती शोभेसाठीं कोपऱ्यांत मांडण्याची आवड वाढली आहे. ती वाईट नाहीं. पुण्यांत दिनकर केळकरांनीं आयुष्यभर खपून दिवे, अडकित्ते, पेट्या, कोरीव दरवाजे जमविले आणि आपल्या अकालीं गेलेल्या मुलाच्या नांवानें त्यांचा संग्रह उभा केला. तो सर्व महाराष्ट्राचा ठेवा आहे. परंतु संग्रहालयाचें काम संग्रहालयानें करावें. घरांत जुनी वस्तु ठेवावयाची तर ती वापरांतली असावी. ज्या समईंत कधीं वात लागत नाहीं, ती समई तेथें पाहुणी आहे.

महिन्याभरानें आम्ही पुन्हां त्या घरीं गेलों. सात जागांपैकीं दोन खुर्च्या काढून टाकलेल्या होत्या. खिडकीखालीं वीतभर उंचीची लांकडी बैठक करून तिच्यावर गादी आणि पांढरी चादर घातली होती; भिंतीशीं दोन लोड. गालिचा अखेर निळा घेतला होता, आणि तो बरा दिसत होता. आजीबाई बैठकीवर मांडी घालून वाती वळीत होत्या आणि खिडकींतून खालच्या रस्त्याकडे मधून मधून पाहत होत्या. त्यांच्या शेजारीं, त्याच लोडाला टेकून, घरीं कामास येणारी बाई चहाचा पेला हातांत घेऊन बसली होती आणि आपल्या मुलीच्या शाळेविषयीं बोलत होती. आम्हांस पाहून ती उठूं लागली, तोंच आजीबाईंनीं तिच्या खांद्यावर हात ठेविला आणि म्हणाल्या, "बस गं तूं. ते खुर्चीवर बसतील."

आम्ही खुर्चीवर बसलों. खोली चांगली लागली होती.